आजीचा जुना फोटो नवा करून घ्यायचाय? म्हापशातल्या एका स्टुडिओचं काम

म्हापशाच्या बाजारालगतच्या या छोट्या स्टुडिओत दिवंगत माणसांचे जुने फोटो दुरुस्त करून, मोठे करून, फ्रेमसकट मिळतात. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आल्यावर जाऊ नका. नीट काम हवं तर तीन आठवडे हाताशी ठेवा.

स्कॅनिंग उत्तम. आजीचा एकटीचा फोटो बहुधा नसतोच, लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा काढावा लागतो. तो सेंटीमीटरभर असेल, तर 1200 डीपीआयला (इंचाला 1200 ठिपके) स्कॅन करून छपाईत चार सेंटीमीटरपर्यंत स्वच्छ येतो. त्यापुढे ताणला की नुसते कण दिसतात. हे इथे आधीच सांगतात, मोठ्या फ्रेमचा हट्ट धरू देत नाहीत. काचेला चिकटलेला फोटोही सोलत नाहीत, काचेसकट स्कॅन करतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवरच राहतो.

डाग मात्र हातानेच काढायला सांगा. कॉम्प्युटरने आपोआप साफ केलं, की हनुवटीवरचं गोंदण बुरशीचा ठिपका समजून पुसलं जातं, सुरकुत्या जातात, आणि फ्रेममध्ये भलतीच कुणी गुळगुळीत बाई येऊन बसते. तिला आजी कसं म्हणायचं? फोटोची झेरॉक्स काढून तिच्यावर गोंदण, मस, कुड्या यांना पेनाने गोल करून द्या. छापण्याआधी चेहरा स्क्रीनवर बघा, आणि आजीला रोज पाहिलेलं घरातलं कुणीतरी सोबत न्या.

रंग भरण्यात हे लोक कच्चे आहेत. लाल न टिपणाऱ्या जुन्या फिल्मवर कुंकू काळं आणि अबोली गडद करडी उमटते. इथल्या नमुन्यात अबोलीच्या फातीला, म्हणजे गजऱ्याला, चक्क जांभळा रंग होता. काळापांढराच घ्या.

फ्रेमचं काम मध्यम. सांगितल्याशिवाय माउंट, म्हणजे फोटो आणि काचेमधली पुठ्ठ्याची चौकट, घालत नाहीत, फोटो थेट काचेला लागतो आणि पुन्हा तेच चिकटणं. दोन मिलिमीटरचा माउंट मागा, मागची बाजू टेपने बंद करून घ्या, फ्रेम आणि भिंतीमध्ये हवा खेळावी म्हणून मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. पाऊस मारतो त्या भिंतीवर टांगू नका. ताजा हार निथळून मगच घाला. पाणी खालच्या पट्टीतून आत शिरतं. लॅमिनेशन विचारतील, नको म्हणा, ते पुन्हा निघत नाही. मूळ फोटो आणि स्कॅनची पूर्ण दर्जाची टिफ फाइल मागितल्याशिवाय मिळत नाही, पैसे देण्याआधी दोन्ही ताब्यात घ्या.