फोनवर बोलावं की जिल्ह्याला जावं? अनावर खाण्यासाठी मदत शोधताना

घरचे झोपले की डबे उघडले जातात, पोट तुडुंब भरलं तरी हात थांबत नाही, आणि मग पहाटेपर्यंत स्वतःची किळस येत राहते. हे ज्याच्यासोबत घडतं त्याला बिंज ईटिंग म्हणजे काय ते मी समजावून सांगण्यात अर्थ नाही. गावात याला कोणी भस्म्या म्हणतं, कोणी नुसतं 'खादाड आहे' म्हणून मोकळं होतं. मी इथे लिहितोय ते ज्यांनी मदत घ्यायचं मनाशी ठरवलंय, पण फोनवरून समुपदेशन घ्यावं की जिल्ह्याच्या रुग्णालयात प्रत्यक्ष जावं इथे अडलेत, त्यांच्यासाठी. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. माझा कल शेवटी एका बाजूला झुकला, त्याचं कारण अगदी साधं होतं. पण खेड्यात राहणाऱ्याला ते पटेल असं वाटतं.

आधी एक शंका दूर करतो, कारण ती माझीही होती. हा आजार आहे की जिभेचा लाड? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून याला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीतही तो आहे, आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. तीन महिने, आठवड्यातून सरासरी एकदा तरी असा झटका येत असेल, खाताना ताबा सुटत असेल आणि नंतर मनाला त्रास होत असेल, तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात. लाजेमुळे एकट्याने खाणं हेसुद्धा या आजाराच्या लक्षणांत लिहिलेलं आहे. हे लक्षण ध्यानात ठेवा, पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

वजन कमी करण्याच्या क्लबांचा आणि डाएटच्या पाकिटांचा विचार मी या तुलनेत धरलेला नाही. तालुक्याच्या गावी आता तेही मिळतं, पावडरीचे डबे विकणारे ओळखीचेच असतात आणि त्यांचा हेतू वाईट असतो असंही मला म्हणायचं नाही. पण दिवसभर उपाशी ठेवणारी कुठलीही पद्धत रात्रीच्या झटक्याला निमंत्रण देते. या आजारावरच्या बोलण्याच्या उपचाराची सुरुवातच उलट्या टोकाने होते. दिवसातून तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडंसं खाणं, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. वजनाचा विषय नंतरचा. उपचाराने झटके थांबतात तेव्हा वजन फारसं उतरेलच असं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ही पद्धत फोनवर आणि प्रत्यक्षात सारखीच असते. वही करायची. काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून, झटका होता का, त्याआधी मनात काय चाललं होतं, हे त्याच वेळी लिहायचं. मग त्या वहीवर समोरच्याशी बोलायचं. म्हणून 'कोणाचा उपचार जास्त चांगला' असा प्रश्न फारसा उरत नाही. प्रश्न उरतो तो ही वही कोणासमोर आणि कुठे बसून उघडायची एवढाच.

फोनची बाजू आधी मांडतो, कारण ती हलकी नाही. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू आणि मराठीत बोलता येतं. झटका रात्री साडेअकराला येतो, त्या वेळी कुठली ओपीडी उघडी असते? वेचणीच्या दिवसांत वावर सोडून जिल्ह्याला जाणं म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी, शिवाय मजूर मिळाले असतील त्याच दिवशी मालक गैरहजर. लहान लेकरू अंगावर असलेल्या बाईला तर 'एकटी जिल्ह्याला कशाला चालली?' या प्रश्नाचं उत्तर घरी देणंच उपचारापेक्षा अवघड जातं. आणि पहिल्यांदा तोंड उघडायला चेहरा न दिसणारा माणूस सोपा असतो. मी स्वतः पहिल्यांदा हे सगळं फोनवरच बोललो, आणि पलीकडच्या बाईंनी ज्या शांतपणे ऐकून घेतलं त्याबद्दल मनात आजही आदर आहे.

अडचण आली ती पुढे, नियमित बोलणं सुरू झाल्यावर. फोन घेऊन बसायचं कुठे?

आमचं घर कौलारू आहे. मधल्या भिंती छतापर्यंत पोचत नाहीत. एका खोलीत कुजबुजलं तरी दुसऱ्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू जातो. आई स्वयंपाकघरात, बाबा ओसरीवर, भावाची मुलं सगळीकडे. पलीकडून प्रश्न येतो, 'काल रात्री काय काय खाल्लं, सविस्तर सांगा.' खरं उत्तर असतं, आईने सकाळच्या न्याहारीला राखून ठेवलेल्या सगळ्या पोळ्या, त्यावर गूळ, मग शेवेचा डबा, मग लेकरांसाठी आणलेले बिस्किटांचे पुडे. हे त्या माउलीला ऐकू जाईल अशा अंतरावर बसून कसं सांगणार? ती सकाळी रिकामी टोपली पाहून काही बोलली नव्हती, नव्याने कणीक भिजवायला बसली होती. मग माझ्या तोंडून 'हो', 'नाही', 'बरं आहे', 'मागच्यापेक्षा कमी' एवढंच निघायचं.

स्लॅबच्या घरांना गच्ची असते म्हणावं, तर गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. वावरात गेलं की रेंज जाते. शेवटी मी मोटरसायकल काढून फाट्यावर जाऊन उभा राहायचो, तिथे टॉवर जवळ आहे. पण रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा असलेला ओळखीचा माणूस दिसला आणि कोणी न थांबता पुढे गेलं, असं आमच्या भागात होत नाही. 'काय झालं भाऊ, पेट्रोल संपलं का?' 'कोनाची वाट पाहून राहिला?' प्रत्येक जण मायेनेच विचारतो. त्या मायेत वीस मिनिटांचं बोलणं चार तुकड्यांत व्हायचं, आणि नेमकं जे बोलायचं ते त्या तुकड्यांच्या फटीत राहून जायचं.

याला तुम्ही गैरसोय म्हणाल. मला वाटतं ती गैरसोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे. हा आजार लपवण्यावर जगतो. मदत घ्यायलाही पुन्हा लपावंच लागत असेल, आवाज दाबावा लागत असेल, अर्धं सांगून फोन ठेवावा लागत असेल, तर आपण रात्री जे करतो तेच दिवसा करायला लागतो. त्यात पलीकडच्या माणसाला अर्धं उत्तर अर्धं आहे हे कळायला मार्ग नाही. त्यांना 'बरं आहे' ऐकू येतं, आणि ते मनापासून 'छान, असंच चालू ठेवा' म्हणतात. दोष कोणाचाच नाही. पण मला यानेच ठरवायला लावलं.

आता जिल्ह्याची बाजू. एसटीने दीड-दोन तास, उभ्याने जायची तयारी ठेवून. केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग. सकाळच्या पहिल्या गाडीने निघालं तर दुपार टळून घरी. दारावर 'मानसोपचार विभाग' असा फलक, आणि गावातलं कोणी ना कोणी रुग्णालयात असतंच. पहिल्या भेटीत डॉक्टरांना वेळ कमी असतो. वेड लागलेल्यांच्या रांगेत आपण बसलोय असं वाटतं, आणि मग शेजारी बसलेला सोयाबीनच्या कर्जाने झोप उडालेला माणूस आपल्याशी पावसाच्या गप्पा मारायला लागतो, तेव्हा ते वाटणं आपोआप जातं.

पैशाचं म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडे पैसे लागतात. बायांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, मार्च २०२३ पासून. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात डॉक्टरांसोबत मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता असा चमू धरलेला असतो. ग्रामीण रुग्णालयात हा चमू ठरलेल्या दिवशी येतो का, हे आधी आशाताईंना किंवा आरोग्यवर्धिनीतल्या अधिकाऱ्यांना विचारा. तुमच्या नशिबाने येत असेल तर निम्मा प्रवास वाचला. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं रुग्णालय जवळ पडतं, तेही विचारात घ्यावं.

आणि दर आठवड्याला वर्षानुवर्षं जावं लागेल अशी भीती असेल तर तीही सोडा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजारासाठी पहिला उपाय म्हणून वही-पुस्तिकेवर स्वतः काम करणं आणि सोबत छोट्या भेटी असं सुचवलंय. उदाहरणादाखल त्यांनी वीस-वीस मिनिटांच्या चार ते नऊ भेटी, साधारण सोळा आठवड्यांत, असं लिहिलंय. आपल्याकडे सगळं त्याच मापाने चालेल असं नाही, पण अंदाज यायला पुरे.

मला तिथे काय मिळालं? दार लागणारी खोली. एवढंच आधी मिळालं, आणि ते खूप होतं. दार लागल्यावर मी पोळ्यांचं, गुळाचं, बिस्किटांचं सगळं एका दमात बोललो, माझा स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटावा इतक्या मोठ्याने.

दुसरी गोष्ट वहीची. माझ्या वहीत शनिवारच्या रकान्यात 'उपास' एवढाच शब्द असायचा. फोनवर मी तो तसाच वाचून दाखवायचो आणि आम्ही पुढे जायचो, उपासात विचारण्यासारखं काय असतं? खोलीतल्या समुपदेशक मॅडमनी वही स्वतःच्या हातात घेतली, तीन-चार पानं मागे-पुढे केली, आधी शनिवारवर बोट ठेवलं, मग रविवारवर. प्रत्येक शनिवारी एक शब्द आणि प्रत्येक रविवारी पानभर. त्या काहीच बोलल्या नाहीत. फोनवर असं गप्प राहिलं असतं तर मी 'हॅलो, आवाज येऊन राहिला का?' म्हणून ती शांतता मोडली असती. तिथे मात्र मला ती पानं पाहावी लागली. कडक उपास आणि दुसऱ्या दिवशीचा झटका ही एकच दोरी होती, आणि तिची दोन्ही टोकं माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

देव सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत. दिवसभर निरंकार राहण्याऐवजी ठरलेल्या वेळांना दूध, केळं, उसळ घ्या, नाहीतर नेमाला दुसरं रूप द्या, एवढंच. मी आता शनिवारी मारुतीला पायी जातो आणि सकाळची न्याहारी करूनच निघतो. आईला सुरुवातीला हे रुचलं नाही. मॅडमनी एका भेटीला तिला सोबत आणायला सांगितलं, आणि उपाशी राहिल्याने लेकाचं काय होतं ते तिला तिच्याच भाषेत सांगितलं. आता शनिवारी पोहे तीच करते, सांबार म्हणजे कोथिंबीर जरा जास्त टाकून.

प्रत्यक्ष भेटीचं वजन आपल्या भागात दिसून आलेलंही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, त्यात गावपातळीवरच्या प्रशिक्षित माणसांनी लोकांशी समोरासमोर बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तो उपक्रम खाण्याच्या आजारासाठी नव्हता, त्यामुळे त्यावरून मी फार ताणत नाही. पण दाराशी माणूस आला की आपल्याकडचा माणूस बोलतो, इतकं त्यातून घेता येईल.

तरी माझं मत माझ्या घराच्या भिंतींवरून बनलेलं आहे, हे मान्य. तुमच्या घरात कडी लागणारी खोली असेल, किंवा तुम्ही शिक्षक असाल आणि शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा मिळत असेल, तर फोन तुम्हाला पुरा पडू शकतो. घरातून निघणंच शक्य नसेल तर फोन हाच रस्ता, त्यात कमीपणा काही नाही. आणि रात्रीसाठी मी आजही १४४१६ जवळ ठेवतो. जीव नकोसा झाल्यासारखं वाटलं तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नये, लगेच तो नंबर लावावा आणि घरातल्या एकाला तरी जागं करावं.

एका बाबतीत मात्र मी तडजोड सांगणार नाही. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाब व्हावेत म्हणून गोळ्या घेत असाल तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यात अंगातलं पोटॅशियम उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. तिथे फोन पुरत नाही, रक्त तपासावंच लागतं, तेव्हा थेट डॉक्टर गाठा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तरीही खाण्याच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

जायचं ठरलं तर एवढं करा. केसपेपरच्या खिडकीवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही, 'मानसोपचार' एवढा शब्द पुरे. शेजारच्याने विचारलं तर 'झोप लागत नाही' म्हणा, ते बहुतेक वेळा खरंच असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त राखणं डॉक्टर-समुपदेशकांवर बंधनकारक केलंय, त्यामुळे आत गेल्यावर काही राखून ठेवू नका. आधीच्या आठवड्याची वही सोबत न्या, उपासाचे दिवस धरून. 'पुढच्या वेळी तुम्हीच भेटाल ना, कोणत्या वारी?' हे निघण्याआधी विचारून घ्या आणि तो वार केसपेपरवर लिहून घ्या. सकाळी उपाशी निघू नका, आणि परतीच्या गाडीसाठी डबा बांधून न्या. दुपारी स्टँडवर उतरेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली असते, आणि आलूबोंड्यांची गाडी समोरच लागलेली असते.