वरच्या पोटाचं दुखणं आणि सात महिन्यांची वही

छातीच्या हाडाखाली, बेंबीच्या वर, सतत जळजळ आणि दुखणं. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, दुपारचं जेवण कधी दोनला तर कधी चारला. दुर्बिणीची तपासणी झाली. अल्सर नाही, जठराला थोडी सूज, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि रुग्णांसाठीच्या एका ऑनलाइन मराठी वर्गाची लिंक पाठवली. आठ आठवडे, आठवड्याला दोन व्हिडिओ आणि रोज भरायची वही. वर्ग कधीच संपला, वही अजून चालू आहे.

सगळ्यात आधी उपयोग झाला तो गोळीच्या वेळेचा. पॅन्टोप्राझोल मी नाश्ता झाल्यावर घ्यायचो, कधी मिसळ खाऊन. व्हिडिओत चित्र काढून समजावलं की जठरातले आम्ल सोडणारे पंप खाण्यानं चालू होतात आणि हे औषध चालू पंपांनाच बंद पाडतं. म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. दिवसभर मशीनवर उभ्या असणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं. पंधरवड्यात सकाळची जळजळ बरीच उतरली.

पण माझं खरं दुखणं सापडलं ते वहीत. त्यात ‘आज घेतलेली इतर औषधं’ असा एक रकाना होता. कंबर धरली की मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून उपाशीपोटीच घ्यायचो. हे डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं, कारण कमरेचा पोटाशी काय संबंध? तिसऱ्या आठवड्यात वही चाळली, तर सगळ्यात वाईट दिवस त्या गोळीला लागूनच आलेले. या वेदनाशामकांमुळे जठराचं रक्षण करणारं अस्तर कमकुवत होतं. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी ती गोळी बंद करून कमरेसाठी व्यायाम सांगितले.

मग रश्शाचा प्रश्न. ‘तिखट सोडा’ ऐकून आई म्हणाली, “तिखाट सोडायचं म्हंजे मग खायाचं तरी काय?” वर्गात मात्र सरसकट बंदी नव्हती. एका वेळी एकच पदार्थ बंद करायचा, दोन आठवडे बघायचं, पुन्हा चालू करायचा. माझ्या वहीत दुपारचा वाटीभर तांबडा निर्धोक निघाला. त्रास दिला तो रात्री दहाला भरपूर प्यालेल्या पांढऱ्यानं. नारळाचं दूध, काजू, खसखस, वर मटणाची चरबी. स्निग्ध पदार्थांमुळे जठर उशिरा रिकामं होतं, आणि मी तर लगेच आडवा व्हायचो. प्रत्येकाचं असंच निघेल असं नाही, कुणाला मिरचीच बाधत असेल. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री ग्लासभर म्हशीचं दूध प्यायची सवयही सोडली. दुधानं घटकाभर गार वाटतं, पण पुढं आम्ल वाढतंच. आता आठच्या आत जेवतो, रंकाळ्यावर सावकाश चालतो, अकराला झोपतो. उशांची चळत केली की पोट दुमडतं, म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा इंच उचलली आहे.

तक्रारी आहेत. आहाराच्या व्हिडिओत ओट्स आणि ब्राऊन ब्रेड, पण भाकरी, आमटी, झुणका कुठंच नाही. प्रश्नोत्तरं संध्याकाळी सहाला, तेव्हा आमच्यासारख्यांची शटरं उघडी असतात. सगळ्यात खटकलं ते हे की धोक्याची लक्षणं सातव्या आठवड्यात सांगितली. ती पहिल्याच दिवशी यायला हवीत: डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, विनाकारण घटणारं वजन. वरच्या पोटातून पाठीत जाणारी जोराची कळ किंवा कावीळ असेल तर गोष्ट पित्ताशयाची वा स्वादुपिंडाची असू शकते. आणि दुखण्याबरोबर घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ आली, तर तडक दवाखाना गाठायचा. आमच्या गल्लीतले एक काका गॅस समजून दोन तास सोडा पीत बसले, तो हार्ट अटॅक होता. वाचले, पण ते दोन तास मी विसरलेलो नाही.

माझं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पॅन्टोप्राझोलही डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू बंद झाली. महिन्यातून दोन-तीनदा, बहुतेक ऑर्डरच्या घाईत जेवण चुकलं की, पुन्हा जळजळतं. परवा तसंच झालं. वहीत लिहिलं: ‘दुपारचं जेवण साडेचारला, चार चहा.’ काल डबा एकला उघडला.