‘काढता येणारे रबर’ म्हणून मारलेला साधा काळा रंग

गाडीवरची क्रोमची चमक झाकून ती काळी करून घेण्याची हौस, जिला गॅरेजवाले ‘क्रोम डिलीट’ म्हणतात, मला चाळिशी उलटल्यावर झाली. त्या हौसेपायी साडेनऊ हजार रुपये कामाचे आणि पुढे वीस हजारांवर सुट्या भागांचे असा भुर्दंड पडला. पैसे गेले याचे दुःख आहेच. परंतु ही फसवणूक अशी आहे की गाडी ताब्यात घेताना चोखंदळ माणसालाही ती ओळखू येत नाही आणि ओळखू येते तेव्हा फार उशीर झालेला असतो, म्हणून झालेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

माझी पांढरी सेदान नोकरीतून लीजवर मिळालेली आहे. मुदत संपल्यावर ती मूळ स्थितीत परत करायची किंवा ठरलेल्या किमतीला विकत घ्यायची, असा करार आहे. त्यामुळे ग्रिल, दरवाज्यांच्या मुठी, खिडक्यांखालच्या पट्ट्या, फॉग लॅम्पभोवतीच्या कडा, डिकीवरची पट्टी आणि दोन लोगो कायमचे रंगवून घेणे मला शक्यच नव्हते. जे काही करायचे ते सोलून काढता आले पाहिजे, ही माझी एकमेव अट होती आणि ती मी दुकानदाराला पहिल्याच भेटीत, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी, अशी दोनदा सांगितली होती. ‘हंड्रेड परसेंट रबर आहे सर, नखाने निघेल,’ हे त्याचे उत्तर माझ्याकडे आजही जपून ठेवलेले आहे.

हे रबर काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण ते माहीत नसल्यामुळेच मी फसलो. या प्रकारातले सर्वांत परिचित नाव ‘प्लास्टी डिप’. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या कंपनीचे हे उत्पादन मुळात पक्कड, पाने अशा हत्यारांच्या मुठी बुडवून त्यांवर रबरी आवरण चढवण्यासाठी निघाले. पुढे ते फवारणीच्या कॅनमध्ये आले आणि गाडीच्या हौशी लोकांनी उचलले. लवकर उडून जाणाऱ्या द्रावकात कृत्रिम रबर विरघळवलेले असते; द्रावक उडाले की मागे लवचीक पापुद्रा उरतो. तो खालच्या पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो, पण रंगासारखा त्यात मुरत नाही, आणि म्हणूनच सोलता येतो. मात्र पापुद्रा पुरेसा जाड असेल तरच तो अखंड सुटतो. किमान चार-पाच हात मारावे लागतात, पहिला हात धुक्यासारखा विरळ, खालचे अर्धेअधिक दिसेल इतपतच द्यायचा असतो, आणि दोन हातांमध्ये वीस ते तीस मिनिटे थांबावे लागते. शेवटच्या हातानंतर निदान चार तास त्याला पाणी किंवा बोट लागू द्यायचे नसते. मास्किंग टेप मात्र शेवटचा हात ओला असतानाच काढायची असते, नाहीतर टेपबरोबर कडेचे रबरही फाटून येते.

यातले काहीही मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुण्याच्या एका उपनगरातल्या कार डेकोरच्या दुकानात मी दिवाळीनंतरच्या आठवड्यात गेलो, तेव्हा मालकाने भिंतीवर टांगलेला जुन्या बॉनेटचा एक तुकडा खाली काढला. त्यावर लोगोसकट काळे मॅट रबर मारलेले होते. त्याने एक कोपरा नखाने उचलला, फुग्याच्या रबरासारखा ताणून दाखवला, मग माझ्याही हातात दिला आणि म्हणाला, ‘बघा सर, तुम्हीच ओढा.’ मी ओढला. खाली क्रोम आरशासारखे लखलखीत होते. काउंटरमागच्या फळीवर त्याच अमेरिकन कंपनीचे दहा-बारा कॅन ओळीने मांडलेले होते. याहून आणखी कोणता पुरावा मागायचा, हे मला त्या क्षणी सुचले नाही.

दर साडेनऊ हजार ठरला. चार कॅन लागतील, असे त्याने सांगितले. ‘पक्के बिल हवे असेल तर जीएसटीचे अठरा टक्के वर पडतील’ असे तो म्हणाला, तेव्हा सतराशे दहा रुपये वाचतात म्हणून मीच ‘राहू द्या’ म्हणालो. या प्रकरणात माझी स्वतःची चूक कोणती, असे कोणी विचारले तर मी या वाक्याकडे बोट दाखवीन. हाताने लिहिलेला ‘एस्टिमेट’चा एक कागद मिळाला आणि पैसे दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआय खात्यात गेले. कागदावर जीएसटी क्रमांक छापलेला होता, त्यामुळे मला तो बिलासारखाच वाटला. कित्येक आठवड्यांनी मी ती अक्षरे मोजली, तेव्हा ती चौदा भरली. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की व्यापाऱ्याचे नाव क्षणात दिसते. हे तपासायला दोन मिनिटे लागतात, जी मी दिली नाहीत.

सकाळी अकराला गाडी दिली आणि दुपारी चारला ‘तयार आहे’ असा फोन आला. आता हिशोब मांडतो तेव्हा माझेच मला हसू येते. सगळे भाग धुऊन चिकटपणा काढणे, आजूबाजूला टेप आणि कागद लावणे यालाच दीड-दोन तास जातात. त्यानंतर पाच हात आणि त्यांमधली वाळण्याची वेळ मिळून दोन-अडीच तास. आणि वर चार तासांची स्वस्थता. म्हणजे घाई केली तरी साडेसात तासांच्या आत गाडी हाती येणे शक्यच नाही. मला ती पाच तासांत मिळाली, तीही वरून पाण्याचा फवारा मारून, फडक्याने पुसून. तेव्हा मला त्या तत्परतेचे कौतुक वाटले होते आणि दुकानात काम करणाऱ्या पोराच्या हातावर मी शंभर रुपयेही ठेवले होते.

दिसायला काम उत्तम होते. मॅट काळा रंग आणि वाळलेले काळे रबर हे चार पावलांवरून, किंबहुना अगदी जवळूनही, सारखेच दिसतात. ‘काढता येते’ हा गुण काढून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नुकतेच पैसे मोजून करून घेतलेले काम त्याच दिवशी सोलून पाहणारा ग्राहक विरळा; दुकानदाराचा सारा व्यवहार या एका गोष्टीवर उभा होता. लोक वर्ष-दोन वर्षांनी काढायला येतात, तोवर कागद हरवलेला असतो आणि ‘तुम्ही फार दिवस ठेवलेत, ऊन लागून चिकटले’ असे सांगता येते.

माझ्या बाबतीत ते लवकर उघडकीस आले, कारण कामच हलक्या हाताने केलेले होते. जानेवारीत चालकाच्या बाजूच्या मुठीवर, जिथे रोज बोटे लागतात तिथे, मोहरीएवढे चांदीचे ठिपके दिसू लागले. मी नख लावले. ताणले जाणारे, उचलून येणारे असे काहीच हाताला लागले नाही. नखाखाली काळी भुकटी आली. दातकोरणीने कडेला खरवडले तर टवका उडाला. खरे रबर असे वागत नाही: ते फाटेल, गोळा होईल, पातळ असेल तर तुकड्यातुकड्याने निघेल, पण त्याची भुकटी होत नाही. मग मी भिंग घेऊन बसलो आणि एकेक गोष्ट दिसत गेली. दारांच्या बीडिंगवर काळी धूळ बसलेली होती, ग्रिलच्या जाळीच्या मागच्या बाजूला रंगाचे ओघळ होते आणि डिकीच्या पट्टीची कड, रंग वाळल्यावर टेप ओढल्यामुळे, करवतीसारखी दातेरी झालेली होती.

दुकानात परत गेलो तेव्हा मालकाने आधी विचारले, ‘प्रेशरने धुतली का सर?’ मग ‘लोकल केमिकलचा शाम्पू वापरला असणार’ असे म्हणाला. मी भिंतीवरचा तो बॉनेटचा तुकडा मागितला, तो देईना. तेवढ्यात मी काउंटरमागच्या फळीवरचा एक कॅन हाती घेतला. तो पिसासारखा हलका होता. दुसराही तसाच. मूळ कॅनमध्ये ३११ ग्रॅम माल असतो, भरलेला कॅन हाताला चांगला जड लागतो. ती सगळी ओळच रिकाम्या कॅनांची होती आणि खाली कचऱ्याच्या पिंपात हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या मॅट काळ्या स्प्रे पेंटचे डबे पडलेले होते. ‘ते दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरला मारले,’ एवढेच तो म्हणाला.

यानंतर मी दुसरी चूक केली, जी पहिलीपेक्षा महाग पडली. ‘नाराज होऊ नका सर, आत्ता काढून देतो’ असे म्हणून त्याने पोराला हाक मारली आणि मी गाडी पुन्हा त्याच्याच स्वाधीन केली. पोराने बोळ्यावर एनसी थिनर, म्हणजे रंग पातळ करायचे तीव्र द्रावक, घेतले आणि फॉग लॅम्पची कड घासायला सुरुवात केली. गाड्यांचे बहुतेक क्रोम हे धातूचे नसते. एबीएस प्लास्टिकवर तांबे, निकेल आणि क्रोमियमचे अतिशय पातळ थर चढवलेले असतात. थिनर क्रोमचे फारसे काही बिघडवत नाही, पण जिथे उघडे प्लास्टिक असते, म्हणजे कडा आणि मागची बाजू, तिथे ते प्लास्टिक खाते. माझ्या डोळ्यांदेखत त्या कडेभोवतालचे काळे प्लास्टिक पांढुरके आणि चिकट झाले. मी ओरडून थांबवले.

तोवर हातभर जागा साफ झाली होती आणि त्या जागेने सगळ्या शंकांचे उत्तर दिले. रंगाखालच्या क्रोमवर एका दिशेने गेलेले बारीक, एकसारखे ओरखडे होते. ते वॉटर पेपरचे, म्हणजे पाणी लावून घासायच्या बारीक पॉलिश कागदाचे, ओरखडे होते. साध्या रंगाला गुळगुळीत क्रोमवर पकड मिळत नाही, म्हणून तो मारण्यापूर्वी पृष्ठभाग घासून खरबरीत करावा लागतो. रबर मारणारा माणूस असे कधीच करणार नाही. त्याला पृष्ठभाग स्वच्छ आणि गुळगुळीत हवा असतो, कारण तो पुढे उघडा पडायचा आहे. ‘चुकून दुसरा कॅन वापरला गेला’ ही सबब एखाद्याने मान्यही केली असती. परंतु माझी गाडी घासली गेली त्या क्षणीच साधा रंग मारायचे ठरलेले होते आणि क्रोम पुन्हा कधीही पूर्ववत होणार नाही हे घासणाऱ्याला माहीत होते.

लीज संपायला तीन महिने उरले होते. अधिकृत विक्रेत्याकडून ग्रिल ७,८०० रुपयांना, चार मुठी ५,२०० ला, फॉग लॅम्पच्या कडा २,४०० ला, डिकीची पट्टी ३,९०० ला आणि दोन लोगो १,४५० ला, असे २०,७५० रुपयांचे सामान घ्यावे लागले. खिडक्यांखालच्या पट्ट्या सुदैवाने स्टेनलेस स्टीलच्या निघाल्या. त्या पॉलिशने बऱ्याच सुधारल्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. ती नोंदवावीच, पण हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे आणि अशा लहान दुकानावर तिचा दाब फारसा पडत नाही, हे मनात धरून. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवल्यावर मात्र दुकानदाराचा फोन आला आणि चार हजार रुपये परत आले, ‘विषय संपला’ असे लिहून देण्याच्या अटीवर. मी ते लिहून दिले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातही जाता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पक्के बिल नसल्याने माझी बाजू लंगडी होती. तिला आधार मिळाला तो यूपीआयच्या पावतीचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या ‘नखाने निघेल’ या वाक्याचा.

ज्यांना हे काम करून घ्यायचेच आहे त्यांनी भिंतीवरचा नमुना पाहू नये. कॅन स्वतः विकत घ्यावेत किंवा निदान सीलबंद कॅन आपल्यासमोर उघडायला लावावेत, आणि आदल्या दिवशी त्याच कॅनमधून आपल्या गाडीच्या एखाद्या कोपऱ्यातल्या भागावर, समजा मागच्या लोगोवर, पाच हात मारून घेऊन दुसऱ्या दिवशी तो स्वतः सोलून पाहावा. दुकानदार खरा असेल तर त्याचा यात पाव कॅनही जात नाही. आढेवेढे घेऊ लागला तर गाडी सुरू करून निघावे. काम चालू असताना तिथे थांबता आले तर उत्तमच, आणि तेवढा वेळ नसेल तर गाडीजवळ वॉटर पेपर दिसतो का एवढे तरी पाहून यावे.

काम आधीच झालेले असेल तर कडेला, नजरेत न येणाऱ्या जागी, दातकोरणीने एक टोक उचलून आजच पाहा. ते ताणले जात असेल पण तुकडे पडत असतील, तर माल खरा आहे आणि हात कमी मारलेले आहेत. त्यावरच आणखी तीन-चार हात मारून, पूर्ण वाळू देऊन सोलले की बहुतेक सगळे एकत्र निघते. भुकटी आली तर मात्र काहीही घासू नका, पुसू नका आणि त्याच दुकानात काढायला नेऊ नका. दुसऱ्या कोणाकडून एक छोटी जागा साफ करून घेऊन खालच्या ओरखड्यांचे तिरप्या उजेडात फोटो काढा. माझ्याकडे ते फोटो आहेत ते केवळ मी वेळेवर ओरडलो म्हणून. काढलेले जुने भागही मी फेकलेले नाहीत. ते खोक्यात भरून, वर तारीख घालून ठेवले आहेत आणि आयोगाकडच्या तक्रारीला त्यांची यादी जोडली आहे.