मोरजी–हरमल की कोलवा–मोबोर? हिवाळ्यात किनाऱ्याने चालायचं तर

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा फोन ठरलेला. एकच दिवस हाताशी आहे, समुद्राकाठाने निवांत चालायचंय, उत्तर गोव्यात जाऊ की दक्षिणेत? मी उलट विचारतो, त्या दिवशी तिथी कुठली?

किनारपट्टीवरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला अकराच्या सुमारास भरती, म्हणजे पाचच्या सुमारास ओहोटी. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही लांबवर आत जातं, संध्याकाळच्या चालीला याहून चांगला मुहूर्त नाही. चतुर्थीला तीनला भरती, तेव्हा सकाळी नऊला वाळू मोकळी. दशमी-एकादशीला मात्र ओहोटी नेमकी भर दुपारी येते, आणि गोव्यात हिवाळ्यातही दुपारी पारा बत्तिशी गाठतो. नक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

ही चौकशी उत्तरेसाठी जास्त महत्त्वाची. मोरजी ते हरमल ही सात-आठ किलोमीटरची चाल सलग वाळूची नाही. मोरजी आणि आश्वेच्या मध्ये खडक लागतात, मांद्र्याला खाडी आडवी येते. ओहोटीला पोटरीभर पाण्यातून हसतखेळत पार होता, भरतीला मागे फिरून बांबूचा साकव शोधावा लागतो. पण दर अर्ध्या तासाला देखावा बदलतो तो इथेच. सुरुवातीला शापोरा नदीचं मुख आणि पलीकडे किल्ल्याचा डोंगर, मग सुरूची झाडं, मांद्र्याला एका बाजूला खाडी नि दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि शेवटी हरमलची गजबज. पाय शाबूत असतील तर हरमलच्या टोकाकडून दुकानांच्या पायवाटेने डोंगराला वळसा घाला. पलीकडच्या छोट्या किनाऱ्याला लागूनच गोड्या पाण्याचं तळं आहे.

मोरजीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वन खात्याने कुंपण घातलेला भाग दिसला की लांबून जा, आणि अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी वाळूवर नाचवू नका. संगीत वाजवणारे शॅक आणि वाळूवर मांडलेल्या खाटा ही उत्तरेची दुसरी बाजू. मला तो गोंगाट खटकतो, तरुण मंडळींना बहुधा तोच हवा असतो.

कोलवा ते मोबोर ही चाल अंतराने मोठी, पण पायाला हलकी. बाणावली, वार्का, कॅव्हेलोसिम अशी सपाट पांढरी वाळू चालत राहते, मध्ये डोंगर नाही, खडक नाही, घड्याळ बघायचं कारण नाही. साळ नदीच्या मुखाशी वाळूच संपते, समोर बेतूल दिसतं, तिथे थांबायचं. कंटाळा आला तर वाटेतल्या कुठल्याही गावात वर चढून रस्त्याला लागता येतं. आई-बाबा बरोबर असतील तर एवढ्यावरच माझा कौल दक्षिणेला.

इथे सकाळी या. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य माडांच्या मागून वर येतो, वाळूच्या वरच्या अंगाला बराच वेळ सावली राहते, आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारं मतलई वारं अंगाला गार लागतं. रापण ओढणारे भेटले तर थोडं थांबा. दोरांच्या दोन ओळी, हळूहळू जवळ येणारं जाळं, आणि आधीच येऊन बसलेले कावळे. पाणी ओसरलेल्या ओल्या वाळूवर खाली वाकून बघा: बोटाएवढ्या बिळाभोवती मोहरीसारख्या बारीक गोळ्यांच्या रांगा किरणांसारख्या पसरलेल्या असतात. चिमुकले खेकडे वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेली वाळू अशी गोळी करून टाकतात. वरच्या वाळूवर मर्यादवेलीची जांभळी फुलं. याखेरीज नवं काही दिसत नाही, हेही सांगून ठेवतो. तासाभरानंतर “अजून तेच?” म्हणणारा एक तरी गटात निघतोच.

पणजीतच मुक्काम असेल आणि हाताशी दोनच तास असतील तर या दोन्हींचा नाद सोडा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपासून मिरामारच्या वाळूने करंजाळ्याकडे चालत जा, परत या. शहराचा किनारा आहे, फार अपेक्षा ठेवू नका.

गाडी न्यायची असेल तर एक अडचण दोन्हीकडे आहे: चाल एकेरी, गाडी मात्र सुरुवातीला उभी. त्यापेक्षा बस बरी. हरमलहून म्हापशाला आणि मोबोरच्या बाजूने मडगावला बस मिळते, फक्त अंधार पडण्याआधी स्टॉपवर पोचा. दक्षिणेला जाणार असाल तर सुरुवातही मडगावातच करा, पातळभाजी-पाव खाऊन. वाळूवरचे शॅक त्या वेळी झोपेतच असतात.