जीपची हत्यारं: तयार संच घ्यावा की एकेक पाना जमवावा?

जीप उभी राहिली, इंजिन अर्ध्या सेल्फवर लागतं, हूडही शिवून झालं. मग एके दिवशी मागच्या कोपऱ्यातल्या कप्प्याचं झाकण उघडलं जातं, आत तापारियाची पक्कड आणि एक फाटकं बनियन निघतं, आणि माणूस हत्यारांच्या नादाला लागतो. माझं तसंच झालं. गाडी १९४३ची फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्ड कंपनीने बनवलेली लष्करी जीप. दुसऱ्या महायुद्धातली जीप नीट करणाऱ्या तिघांनी मला गेल्या वर्षभरात एकच प्रश्न विचारला: जीपबरोबर तेव्हा यायची त्या हत्यारांचा परदेशातून मिळतो तो अख्खा 'ओरिजिनल' संच मागवावा, की जुन्या बाजारात बसून एकेक नग गोळा करावा? मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

तिसरा रस्ता नव्या नकलेचा. पिशवीत काहीतरी खुळखुळावं एवढीच अपेक्षा असेल तर तो वाईट नाही, आणि त्यात फसवणूकही नाही, कारण नवं आहे असं सांगूनच विकतात. पण मग हा लेख वाचायची गरज उरत नाही.

हत्यारांची पूर्ण यादी इथे देत नाही. १९४४च्या टीएम ९-८०३ या अमेरिकी सैन्याच्या पुस्तिकेत ती आहे आणि जीपवाल्या प्रत्येकाकडे त्याची प्रत असतेच.

आधी तयार संचाची बाजू, कारण तिला बाजू नक्की आहे. एक खोकं येतं. कॅनव्हासची पिशवी, पाच दुतोंडी पाने, आठ इंची स्क्रू पाना, अकरा इंची मंकी पाना, सहा इंची पक्कड, एक पौंडी बॉलपेन (एका बाजूला गोल डोक्याची) हातोडी, स्क्रूड्रायव्हर, प्लगपाना, सगळं एका दमात. प्रदर्शनात बोनेटवर ताडपत्री टाकून मांडलं की लोक फोटो काढतात. ज्याला नोकरी आहे, मुलं आहेत आणि ज्याचा रविवार जुन्या बाजारात जाऊ शकत नाही, त्याला मी हा संच घेऊ नको असं सहजासहजी सांगणार नाही. माझ्या संचातली हातोडी आणि पक्कड आजही मला खरी वाटतात. पिशवी नवी होती, पण विकणाऱ्याने ते स्वतःच कळवलं होतं.

किंमत मात्र दुखते. कस्टम ड्यूटी धरून मला तो संच जेवढ्याला पडला, तेवढ्यात पाच टायर आले असते. तेही मी मनावर घेतलं नसतं. माझं मन फिरलं ते एका पान्यामुळे.

त्या पाच पान्यांची मापं आपल्या गॅरेजच्या भाषेत, म्हणजे सुतात सांगतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत हे ठाऊक असेलच. पहिला तीन आणि साडेतीन सूत. दुसरा चार आणि पावणेपाच. तिसरा साडेचार आणि साडेपाच. चौथा पाच आणि सव्वासहा. पाचवा सहा आणि सात. यातली पावणेपाच आणि सव्वासहा ही दोन तोंडं नीट बघा. इंचात १९/३२ आणि २५/३२. आजच्या दुकानात इंची पान्यांचा नेहमीचा सेट मागा, ही मापं त्यात सहसा नसतात.

ती आली कुठून? १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी नट-बोल्टचं एक प्रमाण मांडलं. नटाचं माप काढायचा त्याचा नियम असा: बोल्टच्या जाडीची दीडपट आणि वर एक सूत. अडीच सुती बोल्ट घ्या. दीडपट पावणेचार, अधिक एक, पावणेपाच. साडेतीन सुती बोल्टची दीडपट सव्वापाच, अधिक एक, सव्वासहा. सेलर्सला सूत हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही, पण त्याचं गणित आपल्या पावकी-निमकीत जेवढं सुरेख बसतं तेवढं इंचाच्या बत्तिसाव्या भागात बसत नाही. पुढे नटांची मापं बदलली, ही दोन तोंडं मागे पडली. म्हणून १९४३च्या पिशवीत ती असणं हीच वयाची मोठी खूण. आणि म्हणूनच खोटं करणारा इथेच अडतो. त्याच्याकडे चार-साडेचार सुताचे पाने पोत्याने असतात, चार-पावणेपाचचा एखादाच.

माझ्या संचातला दुसरा पाना दिसायला छान होता. एका तोंडावर १/२, दुसऱ्यावर १९/३२, रंग काळा. भोसरीत एक निवृत्त टूलरूम फिटर आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी तो हातात घेतला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "हे ब्लॅकोडायझिंग ताजं आहे रे." म्हणजे रसायनाने दिलेला काळा रंग. मग व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) लावला. तोंडाच्या टोकाशी १५.१ मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच सूत बरोबर. तोच व्हर्नियर आत, बुडाशी नेला तर साडेचौदाच्या आसपास अडकला. जबडा समांतर नव्हता. साडेचार सुताचं तोंड कानशीने घासून मोठं केलेलं. नंतर काकांनी आकड्याच्या जागेवर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि ट्यूबलाइटकडे धरली. पट्टीखालून मधोमध उजेड आला. जुना आकडा ग्राइंडरने उडवून तिथे नवा ठोकला होता, त्याचा खळगा.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर सभ्य होतं: माप तर बरोबर आहे ना?

आता एक पाना खोटा निघाला एवढ्याने मी चिडलो नसतो. जुन्या बाजारात मी स्वतः त्याहून वाईट घेतलंय. चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. संचातला प्रत्येक नग आधी सँडब्लास्ट करून मग एकसारखा काळा केला होता. त्यामुळे बाकीचे चार पाने खरे की खोटे हे आता कुणालाच, काकांनासुद्धा, खात्रीने सांगता येत नाही. जबड्यातली झीज गुळगुळीत झालेली, मूळ मुलामा गेलेला, शिक्क्यांच्या कडा बोथट. मी पैसे मोजले होते खरेपणाचे, आणि खरेपणा तपासायला जे लागतं तेच पॉलिशच्या नावाखाली काढून टाकलेलं. यानंतर मी तयार संचाकडे आधीच्या डोळ्यांनी बघू शकलो नाही. सगळे विकणारे असेच असतील असं म्हणणं अन्यायाचं होईल. माझा अनुभव एकाचाच आहे. पण काळं करून विकायची पद्धत सर्रास आहे हे फोटोंवरूनही दिसतं. पाच वेगवेगळ्या कारखान्यांतला माल ऐंशी वर्षं वेगवेगळ्या घरांत राहून एकाच रंगाचा कसा होईल?

दुसरी बाजू पुण्याच्या जुन्या बाजाराची, बुधवार आणि रविवार. मुंबईचा चोर बाजारही, पण तिथे 'मिल्ट्रीचा माल' या दोन शब्दांचेच निम्मे पैसे लावतात.

इथे पहिली ठेच लागते ती ब्रिटिश पान्यांची. आपल्याकडे ते ढिगाने आहेत. त्यावर तीन रेघांचा बाण असतो, कधी सालही असतं, आणि बाण बघितला की नवखा माणूस पाघळतो. मीही पाघळलो. पण बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. इंग्रजी 'सी'च्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा, बाणाखाली 'आय' असेल तर इथल्या इंग्रज सरकारचा. अमेरिकी जीपच्या यादीशी त्याचा संबंध नाही. शिवाय मापाचा घोळ वेगळाच. अमेरिकन पान्यावर तोंडाचं माप असतं, व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, पान्यावर बोल्टच्या जाडीचं. १/२ आणि पुढे 'डब्ल्यू' लिहिलेला पाना चार सुताचा समजून आणाल तर तोंड निघेल सव्वासात सुताच्याही थोडं वर. (तुमची जीप युद्धात ब्रिटिश किंवा हिंदी पलटणीकडे होती असा कागद असेल तर बाणाचा एखादा पाना पिशवीत ठेवायला माझी हरकत नाही. तेव्हाच्या ड्रायव्हरनेही हाताला लागेल तो उचलला असणारच.)

दुसरी ठेच खास जीपीडब्ल्यूवाल्यांना लागते. फोर्डने बोल्टच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' उमटवला, त्यामुळे फोर्डच्या नावाचा पाना दिसला की हात आपोआप खिशात जातो. पण तिरक्या अक्षरांतलं 'फोर्ड' लिहिलेले पाने मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्यांबरोबर जगभर गेले. बाजारात मिळणारे बहुतेक तेच. जुने आहेत, खरे आहेत, फक्त आपल्या गाडीचे नाहीत. आणि जीपचा पाना म्हणजे अमुक एकाच कंपनीचा असंही नसतं. क्लीव्हलँडची व्हल्चेक, बफेलोची बार्कालो, फ्रीमाँटची हर्ब्रँड, अशी नावं दिसली तर पाना खाली ठेवू नका, पुढे तपासा.

तपासायचं काय? मुलामा पहिला. क्रोमियम युद्धाला लागत होतं, त्यावर अमेरिकेत निर्बंध आले, म्हणून त्या काळातला पाना बहुधा काळपट, फॉस्फेटचा करडा किंवा कॅडमियमचा फिकट राखाडी असतो. आरशासारखा क्रोम चमकत असेल तर युद्धाच्या आधीचा किंवा नंतरचा. कॅडमियम विषारी आहे, त्यावर वायरब्रश फिरवून धूळ नाकात घेऊ नका. जुनी हत्यारं मी डिझेलमध्ये बुडवून ठेवतो आणि चिंधीने पुसतो, बस्स.

स्क्रू पान्यावर किंवा पकडीवर पेटंटचा नंबर असेल तर काम सोपं. अमेरिकेत विसाव्या लाखाचं पेटंट १९३५ साली दिलं गेलं. नंबर पंचवीस लाखांच्या पुढचा असेल तर माल १९५० किंवा त्यानंतरचा, आणि तीसने सुरू होत असेल तर १९६१च्या आधीचा असूच शकत नाही. उलट बाजू मात्र पक्की नसते, कारण जुना नंबर कंपन्या वर्षानुवर्षं ठोकत राहतात. तसंच लेबलवर ५१२० ने सुरू होणारा लांबलचक सरकारी क्रमांक असेल तर ती युद्धानंतरची पद्धत. युद्धातले क्रमांक ४१, मग एक अक्षर, मग आकडे असे. लॉस एंजेलिसच्या प्लोंब कंपनीचा माल असेल तर नावच साल सांगतं: फिलाडेल्फियाच्या हातोडीवाल्या प्लंब कंपनीशी नावावरून कज्जा झाला आणि १९४८पासून प्लोंबची हत्यारं 'प्रोटो' या नावाने यायला लागली. म्हणजे 'प्रोटो' वाचलं की पैसे परत खिशात.

आणखी एक. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी माझगावला विलिस या अमेरिकन कंपनीच्या जीप जोडायला घेतल्या. अमेरिकन मापाची हत्यारं त्यानंतरही इथे कितीतरी वर्षं लागत राहिली. तेव्हा 'अमेरिकन' म्हणजे 'लढाईतला' असा अर्थ काढू नका.

एकेक जमवण्याचे हालही सांगायला हवेत. मला सव्वातीन वर्षं लागली आणि पिशवी अजून अपुरी आहे. साडेचार-साडेपाचचे माझ्याकडे चार पाने आहेत, कारण दर वेळी घेताना वाटतं हा आधीच्यापेक्षा बरा. घरात यावर जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही. गंजाने खड्डे पडलेला पाना बोनेटवर मांडला तर शेजारच्या तयार संचापुढे गरीब दिसतो, हेही खरं. आणि जुन्या बाजारातसुद्धा आता बफिंग शिरलंय. एका रविवारी ज्याच्या शोधात होतो तोच चार-पावणेपाचचा पाना एका पथारीवर दिसला. मी वाकलो तर पथारीवाला खुशीत म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी चकाचक करून ठेवलाय." आदल्या आठवड्यात तो त्याच्याकडे गंजलेला होता. त्याला काय बोलणार? तरी घेतला. जबडा आतपर्यंत समांतर होता आणि आकडा ज्या पातळीवर होता ती पातळी सपाट. ग्राइंडरवाल्याचं लक्ष नेमकं तिथे गेलं नव्हतं.

तर ठरवायचं कसं? पुढच्या महिन्यात रॅली असेल आणि गाडी भरलेली दिसायला हवी असेल तर संच घ्या, पण ऑर्डर द्यायच्या आधी दुसऱ्या आणि चौथ्या पान्याचे जबड्यातून घेतलेले फोटो मागा. काळं न केलेला संच मिळत असेल तर गंजका असला तरी तोच घ्या. वेळ असेल तर माझा कल कुठे आहे हे लपवून उपयोग नाही. पिशवी आणि हातोडी विकत घ्या, त्यात शोधण्यासारखं फारसं काही नाही. पाने मात्र स्वतः, घाण असतानाच, व्हर्नियर खिशात ठेवून घ्या. व्हर्नियर नसेल तर पंधरा नंबरचा, म्हणजे पंधरा मिलिमीटर डोक्याचा, नवा मेट्रिक बोल्ट न्या. त्याचं डोकं पावणेपाच सुताच्या खऱ्या तोंडात आतपर्यंत सरकतं, घासलेल्या तोंडात अर्ध्यावर अडकतं. माझ्या शर्टाच्या खिशात तो बोल्ट कायम असतो, आणि दोनदा वॉशिंग मशिनमधून निघालाय.

पाच-सव्वासहाचा पाना अजून मिळालेला नाही. त्याच्या जागी सध्या त्या तयार संचातलाच ठेवलाय.