हिच बसवून अकरा महिने: लोखंड चांगलं, पांढऱ्या वायरने रडवलं

हिच म्हणजे गाडीच्या मागं ट्रेलर जोडायचं लोखंडी फिटिंग. ब्रेक दाबला की ट्रेलरचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणायचे आणि ब्रेकचा दिवा मात्र धड लागायचा नाही. या दुखण्यावर सर्व्हिस सेंटरने ३१,००० रुपयांचं इस्टिमेट हातात ठेवलं. मिरजेच्या इलेक्ट्रिशियनने ते चाळीस रुपयांत बरं केलं. त्याच रात्री लिहायला बसलो होतो, पण डोकं इतकं तापलेलं होतं की नुसत्या शिव्याच उमटल्या असत्या. आता आठवडा गेलाय.

गाडी कोणती ते सांगत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. सात सीटर, डिझेल, चेसिसवाली, एवढं पुरे. दोन इंची रिसीव्हर (चेसिसला बसणारी चौकोनी नळी), बॉल माउंट (त्या नळीत पिनने अडकणारा, टोकाला लोखंडी गोळा असलेला दांडा), ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनचा सॉकेट असं सगळं फिटिंगसह १४,५०० ला कुपवाड एमआयडीसीत बसवून घेतलं. चेसिसच्या मूळ भोकांतच बोल्ट बसले, वेल्डिंग करू दिलं नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला बघितल्यावरच पैसे काढले. पहिल्या फेरीनंतर परत जाऊन बोल्ट आवळून घेतले, तेव्हा एक चांगला अर्धा फेरा फिरला. लोखंडाबद्दल एवढंच. अकरा महिन्यांत त्याने एक शब्द ऐकवला नाही.

हिच घ्यायचं कारण टेम्पोवाला. वडिलांची बाग तासगाव तालुक्यात, आम्ही राहतो सांगलीत, विश्रामबागला. बेदाण्याच्या हंगामात शेडवरून कोल्ड स्टोरेजला पंचवीस-तीस बॉक्स न्यायचे म्हटलं की टेम्पोवाल्याची मिनतवारी. घरात एवढी मोठी गाडी उभी असताना भाडं कशाला, हा आमच्या घराण्याचा स्वभाव. पाव्हण्यांकडे एक जुना दोनचाकी ट्रेलर पडून होता, पासिंगसकट, स्वतःच्या एमएच १० नंबरचा. पासिंगचं मुद्दाम सांगतोय. मोटार वाहन कायद्यातल्या 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो. वेल्डरकडून करून घेतला आणि लावला मागं, असं चालत नाही.

पहिला फटका पॉइंट आठ मिलिमीटरचा. ऑनलाइन बॉल मागवला तो 'दोन इंची', ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी टोपी, ५० मिलिमीटरचा. मला वाटलं एकच की. दोन इंच म्हणजे ५०.८. कपलर बॉलवर बसल्यासारखा दिसायचा, पण कडी पूर्ण खाली यायची नाही. मी हातोडी घेऊन मागं लागणार होतो, तेवढ्यात शेजारच्या लेथवाल्याने व्हर्निअर लावून दाखवलं आणि म्हणाला, "ह्यो रस्त्यात उडाला असता बघा." बॉल परत केला, ५० चा आणला. रिसीव्हर दोन इंची आहे म्हणून बॉलही दोन इंची घ्यायचा, असं काही नसतं. बॉल कपलर बघून घ्यायचा.

आता मुख्य तक्रार. टक.

ट्रेलर नसताना बॉल माउंट रिसीव्हरच्या नळीत सैल बसतो. पिन आहे, पण पिनच्या भोकात फट असते, नळीतही असते. गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली की टक. खड्ड्यात गेली की टक टक. बुधगाव ते कवलापूर एवढ्या टप्प्यात मी एकदा मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं. आवाज फार मोठा नाही. पाच माणसं बोलत असली तर ऐकूही येत नाही. पण एकदा कानात बसला की दुसरं काही ऐकू येत नाही. फिटिंगवाल्याला फोन करून तेच सांगत होतो, "हिचचा आवाज काही केल्या बंद होत नाही." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने 'हिचा आवाज' ऐकलं होतं. पुढचे दोन दिवस घरात खरंच आवाज बंद होता.

फिटिंगवाल्याचं उत्तर: काम नसेल तेव्हा पिन काढून माउंट डिकीत ठेवा. बरोबर आहे त्याचं. माउंट काढला तर रिव्हर्सचा सेन्सरही विनाकारण बोंबलत नाही आणि नडगीही वाचते. आमच्या घरात प्रत्येकाची नडगी त्या बॉलवर एकदा तरी आपटलीय, आईची दोनदा. पण मी चोरीच्या भीतीने कुलपाची पिन घेतली होती. पावसाळ्यात कुलपात चिखल गेला आणि किल्ली फिरेना. म्हणून माउंट आहे तिथंच राहिला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून नळीत कोंबली, ती पंधरा दिवस टिकली. चार महिन्यांनी मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, घेऊ नका, टेम्पो परवडला.

ओढण्याबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. पहिल्या हंगामात एकदाच घाबरलो. पंधरा किलोचे २८ बॉक्स म्हणजे ४२०, ट्रेलर रिकामा २६०, एकूण ६८०. बॉक्स उतरवायला सोपे म्हणून पोरांनी मागच्या बाजूला रचलेले. कुमठे फाट्याच्या पुढं साठच्या वर गेलो आणि ट्रेलर मागं शेपटी हलवायला लागला. तो गाडीलाही हलवतो, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. ब्रेक मारला नाही, नुसता पाय उचलला, तेव्हा शांत झाला. घरी आल्यावर कपलरच्या खाली लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्याखाली घरातला वजनकाटा ठेवला. चाळीस किलो. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा बॉलवर यायला हवा, म्हणजे अडुसष्टच्या आसपास. सहा बॉक्स पुढं सरकवले, काटा सहासष्टवर गेला. त्यानंतर ट्रेलर हलला नाही. गाडीला ट्रेलर बांधणाऱ्या जादा साखळ्या मात्र कपलरच्या खालून फुलीसारख्या घालाव्यात. कपलर सुटलाच तर तो त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

रिव्हर्स शिकायला नेमिनाथनगरच्या ग्राउंडवर तीन रविवार गेले. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यायचा. एवढं कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक टेललॅम्प वाचला असता.

मग पावसाळा आला आणि माझं मत फिरलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळिशीकडे सरकली की सांगलीत काय होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. इशारा चाळीस फुटांना, धोका पंचेचाळीसला, आणि २०१९ चा महापूर बघितलेला माणूस पस्तिसापासूनच गॅलरीत उभा राहतो. त्या वर्षी मेहुण्याचं सामान हलवायला टेम्पोवाल्याने तिप्पट मागितले होते आणि आम्ही दिले होते. या वेळी संध्याकाळी सातला ट्रेलर जोडला आणि रात्री एकपर्यंत चार फेऱ्या केल्या. फ्रिज, कपाट, शिलाई मशीन, शेजारच्या आजींचं देवघर. देवघर आजींनी मांडीवर घेतलं आणि स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. त्या रात्री चौदा हजार वसूल झाले असं मी मनात धरलं. टक चालूच होती, पण त्या रात्री ऐकू आली नाही.

आणि तिथूनच दिव्यांचं सुरू झालं. सॉकेट पावसात भिजला होता, झाकणाची स्प्रिंग तुटलेली. मी शहाणपणा करून बॉल पुसला आणि छान ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी ट्रेलरचे दिवे वेडे झाले. सर्व्हिस सेंटरला गेलो तर वॉचमनने ट्रेलर आत सोडला नाही. ट्रेलरशिवाय गाडी तपासली, म्हणजे दिवे ठणठणीत. मग खाली वाकून त्यांनी टेप गुंडाळलेले जोड बघितले आणि फर्मान काढलं: बाहेरचं काम, वॉरंटी नाही, मागचं सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलावं लागेल, ३१,०००. मी म्हणालो, दोष ट्रेलर लावल्यावर येतो, ट्रेलर लावून बघा की. "सर, ते आमच्या प्रोसीजरमध्ये नाही." तासभर भांडलो. एसी होता म्हणून तासभर.

मिरजेच्या इलेक्ट्रिशियन काकांनी ट्रेलर जोडायला लावला, ब्रेक दाबायला लावला आणि हसले. "अर्थिंग गेलंय, दुसरं काय न्हाय." सात पिनांमध्ये तीन नंबरची पांढरी वायर अर्थची. तिची पिन हिरवी पडून गळाली होती. ब्रेकच्या दिव्यातून निघालेल्या करंटला परत जायला वाट नव्हती, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बांमधून उलटा शिरत होता. मग इतके दिवस चाललं कसं? तर करंट बॉलमधून जात होता. लोखंडाला लोखंड लागलेलं होतं, तेवढ्यावर भागत होतं. मी ग्रीस लावून तीही वाट बंद केली. काकांनी वायरच्या टोकाला नवीन लग (धातूची कडी) लावला, पांढरी वायर थेट चेसिसला घासून बसवली. चाळीस रुपये.

आता मला न आवडणारं वाक्य. सर्व्हिस सेंटरवाला निम्मा बरोबर होता. फिटिंगवाल्याने टेललॅम्पच्या वायरी सोलून नुसता पीळ मारला होता. आजकालच्या गाडीत दिव्यांवर कंप्युटरची नजर असते, असे जोड कधी ना कधी महागात पडतात. काकांकडूनच फ्यूज टाकून बॅटरीपासून वेगळी लाइन आणि गाडीच्या दिव्यांवर भार न टाकता ट्रेलरचे दिवे चालवणारा रिले बॉक्स बसवून घेतला, २,२०० रुपये. हे पहिल्याच दिवशी करून घ्यायला हवं होतं. फिटिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला, तुम्हीच कमीत बसवा म्हणाला होता. म्हणालो होतो.

काकांनी जाता जाता कुलपाच्या पिनवर डिझेल ओतून किल्ली फिरवून दिली आणि रिसीव्हरवर एक यू क्लॅम्प आवळला. साडेतीनशे रुपये. पाच मिनिटांचं काम. अकरा महिने ज्याच्यासाठी मी रेडिओ लावून फिरलो ते हे.

काल तासगावहून येताना गाडी अगदी गप्प होती. कवलापूरच्या अलीकडे राहवलं नाही. बाजूला घेतली, खाली उतरलो आणि मागं जाऊन बघितलं, माउंट आहे ना जागेवर.