बुकमार्क: कागदी की डिजिटल?
कागदी बुकमार्कचं काम एकच, वाचन कुठवर आलंय ते दाखवायचं, आणि पुस्तक न उघडताही कळतं किती उरलंय ते. शिवलेली रिबीन असेल तर पडायचीही भीती नाही (पेन खुपसून ठेवणाऱ्यांनो, बाइंडिंगवर जरा दया करा). ईबुकमध्ये फॉन्ट मोठा केला की पानं सरकतात पण खूण त्या मजकुरालाच चिकटून राहते, सिंक चालू असेल तर फोन आणि टॅब दोन्हीकडे तीच जागा, इथे डिजिटल सरळ जिंकतं. ब्राउझरचा बुकमार्क मात्र वेगळंच प्रकरण, कंट्रोल-डी दाबलं की फक्त पत्ता सेव्ह होतो, पान नाही, साइटवाल्याने उद्या ते काढलं की समोर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. महत्त्वाचं असेल तर पीडीएफच करून ठेवा.